ओट्यावरचं कोर्ट

लग्न होऊन मी नागपुरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दुधाचं भांडं घेऊन दार उघडते तोच ओट्यावरून गर्जना आली, "आरोपीस कोर्टापुढे उभे करण्यात आले!" भांडं सुटलं हातातून. मला वाटलं, झालं, पोलीसच आले दारात! आतून हे धावत आले, अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि माझं तोंड पाहून हसायलाच लागले. "अवं, घाबरतेस काहून? आपले मालक आहेत. पेपर वाचून राहिले."

ते आमचे घरमालक. त्यांचं नाव मी सांगत नाही. गल्लीतसुद्धा कोणी त्यांना नावाने हाक मारत नसे, सगळ्यांचे ते मालकच. इतवारीपलीकडे कोष्ट्यांच्या वस्तीत त्यांचं दुमजली घर होतं आणि खालच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. ह्यांची नोकरी सेक्रेटरिएटमध्ये. ह्यांच्या बरोबरीचे लोक धरमपेठेत राहायचे आणि आम्ही इथे मागांच्या खटखटाटात येऊन पडलो, म्हणून मी सुरुवातीला बरीच धुसफुसले. पुढे मात्र मालकांच्या घराशिवाय मला कुठे करमलं नसतं, हेही तितकंच खरं.

मालक त्या दिवसाचं वर्तमानपत्र त्या दिवशी कधीही वाचत नसत. कोणी हातात दिलं तर घडी न मोडता परत करायचे. "कच्चं आहे हे. मुरू द्या." लकडगंजात त्यांचा एक ठरलेला रद्दीवाला होता, त्याच्याकडून ते जुने पेपर उचलून आणत आणि तेच वाचत. मी एकदा म्हटलं, "मालक, पेपर काय मुरणार, कप्पाळ! छापलेलं आहे तेच राहतं ना?"

"पेपर नाही मुरत बाई, वाचनारा मुरते," ते म्हणाले. "ताजी बातमी वाचली का मानूस नुसता भडकते. आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, मंग वाचा. राग निघून जाते, अक्कल उरते."

हे त्यांचं तत्त्व सगळ्याला लागू होतं. पत्र आलं की ते देवघरात ठेवायचे आणि काही दिवसांनी फोडायचे. जबलपूरच्या मुलाला मुलगी झाल्याचं पत्र असंच देवापुढे पडून राहिलं. तिकडे बारसं उरकलं, मुलगा रुसला, आणि ह्या बहाद्दराने सगळ्या गल्लीला पेढे वाटले तेव्हा नात चांगली हसायला लागली होती. "आनंदच आहे ना? तो काय पळून जाते?" असं वर आम्हालाच!

घराणं कोष्ट्यांचं, पण मालक स्वतः मागावर कधी बसले नाहीत. सारी उमर त्यांनी जकात नाक्यावर काढली. शहरात येणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक गाठोडं तपासायचं आणि चोरून आणलेला माल पकडायचा, हे त्यांचं काम. "माझ्या नाक्यावरून मुंगीनंबी साखरेचा दाना चोरून नेला नाही," असं सांगताना त्यांची मान एकदम ताठ व्हायची. पेन्शन घेतली तरी सवय गेली नव्हती. माझा भाऊ कुहीहून तांदळाचं पोतं घेऊन आला, तर मालकांनी ओट्यावरच त्याला थांबवलं आणि आतून लोखंडी सळई आणून पोत्यात खुपसली. भाऊ माझ्याकडे पाहतोय, मी पदरात तोंड खुपसून हसतेय. सळईला लागलेले दाणे त्यांनी तळहातावर घेतले, हुंगले आणि म्हणाले, "चिन्नोर आहे. जाऊ द्या." भाऊ पुढे कितीतरी दिवस मला विचारायचा, नाकेदारसाहेब बरे आहेत ना?

आता ते सकाळचं वाचन. आंघोळ झाली, कपाळाला गंध लागलं, की धोतरावर बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर काळी टोपी घालून मालक ओट्यावर येत. उन्हाळ्यातसुद्धा. कोर्टाच्या बातम्या वाचायच्या तर उघड्या डोक्याने बसून कसं चालेल? चोरी, मारामारी, बांधावरून झालेले तंटे, लपवलेली दारू, सगळं खड्या आवाजात. वकिलाचा आवाज वेगळा, साक्षीदाराचा वेगळा, आणि निकाल आला की खाकरून, चष्मा सारखा करून, एकेक शब्द ठोकत. मागावरचे लोक हात थांबवून ऐकत. येणारा-जाणारा विचारी, "मालक, बसलं का जी कोर्ट?" गल्लीने त्याला नावच ठेवलं होतं, ओट्यावरचं कोर्ट.

"बाकीच्या बातम्या काहून नाही वाचत?" मी विचारलं होतं.

"खोटं तर सारेच बोलतात बाई. पन कोर्टात आधी शपथ घ्यावी लागते, मंग बोलावं लागते. तेवढी तरी मेहनत आहे ना!"

हे झालं लोकांना सांगायचं उत्तर. खरं उत्तर समोरच्या दारात बसलेलं असायचं.

आमच्या अगदी समोर, गल्ली ओलांडली की यमुनाआत्यांचं बसकं घर. मालकांच्या आजोबांचा धाकटा भाऊ होता, त्याची ही मुलगी, म्हणजे नात्याने मालकांची आत्याच. सत्तरी गाठलेली, सुकलेली बाई. मुलगा नामदेव गिरणीत कामाला आणि सून वेणू घरच्या मागावर. आत्या सकाळी दारात चरखा घेऊन बसत आणि वेणूच्या मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत. मी तिथे कधीही जाऊन बसे. त्या फार बोलत नसत. "बस वं," म्हणत आणि मुरमुऱ्याची ताटली पुढे सरकवत.

पण मालकांच्या घरचं माणूस त्या दारात पाय ठेवत नव्हतं आणि त्या घरचं पाणी मोठ्या घराला चालत नव्हतं. आजोबांनी देवापुढे शपथ घातली होती म्हणे. कारण? धाकट्या भावाला अफूच्या चोरट्या व्यापारात कैद झाली होती. लुगड्यांच्या गठ्ठ्यात अफू दडवून आणताना पकडला गेला, कोर्टात उभा राहिला, सक्तमजुरी भोगून आला, आणि घराण्याचं नाक कापलं. समाजानेही त्याची पंगत बंद केली. कैद्याची पोरगी म्हणून आत्यांना कोणी पत्करेना. अखेर उमरेडकडचा एक बिजवर घरजावई म्हणून येऊन राहिला, तेव्हा त्यांचं लग्न झालं.

हे सगळं मला मालकांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात नाकेदाराचा ताठा नव्हता. लहानपणी एकदा उन्हातून खेळून येताना यमुनाआत्यांनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि ताक पाजलं होतं. मीठ-जिऱ्याचं. आजोबांना कळलं. त्यांनी नातवाला अंगणात उभं करून बोटं घालून ओकायला लावलं, वर शेणाच्या पाण्याने आंघोळ घातली. समोरच्या दारातून आत्या सगळं पाहत होत्या.

"तसं ताक मंग कोठी भेटलं नाही, बाई," मालक म्हणाले. हा माणूस साठीचा, आणि डोळ्यांत पाणी.

शपथ मोडायची हिंमत नव्हती, पण मनातून ती बाई जातही नव्हती. मग त्यांनी वाट काढली. "पानी बंद आहे, आवाज थोडीच बंद आहे?" पेपर ते पूर्वीही मोठ्याने वाचत, सगळा, पहिल्या पानापासून. समोर चरखा कुरकुरत राही. पण एके दिवशी कोर्टाची बातमी आली आणि चरखा थांबला. ती संपली, चरखा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मालकांना जो आनंद झाला! आत्या ऐकते! तिला कोर्टाचं आवडते! तेव्हापासून त्यांनी बाकीचा पेपर सोडला आणि रोज कोर्टाच्याच बातम्या वाचायला लागले, तिला नीट ऐकू जावं म्हणून आवाज चढवून. "बोलत नाही, पन ऐकते," ते मला कौतुकाने सांगत. "पाहा ना, चरखा कसा थांबवते ते!" मीही पाहायची. खरंच थांबायचा. आत्या मान खाली घालून बसलेल्या असत, आणि वाचन संपलं की पुन्हा चाक फिरायला लागे.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. समाजाच्या सभागृहात थोरामोठ्यांचे फोटो लावायचं ठरलं, आणि मालकांच्या आजोबांचं नाव निघालं. घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की आजोबा गोऱ्या साहेबाच्या कोर्टात ताठ मानेने उभे राहिले आणि एका शब्दाने डगमगले नाहीत. कशासाठी उभे राहिले हे कोणाला धड सांगता येत नव्हतं, पण गोऱ्या साहेबासमोर म्हणजे देशासाठीच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. सभागृहाचे लोक फोटो तसाच लावायला तयार होते. अडून बसले ते आमचे मालक!

"छापेल पुरावा आनतो, मंग लावा," ते म्हणाले. "आजोबाचं कोर्ट पेपरात आलं असनच."

मग सुरू झाली शोधाशोध. सीताबर्डीवरच्या एका वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे होते. मालक कोट-टोपी घालून, भिंग घेऊन, डब्यात पोळी-भाजी बांधून रोज तिकडे जाऊ लागले. संध्याकाळी धुळीने माखून येत आणि मला गमतीजमती सांगत. कोणाच्या पणज्याने कोणाची म्हैस चोरली, कोणत्या प्रतिष्ठित घराण्यावर खोट्या वजनांचा खटला झाला. "सारं गाव सापडून राहिलं बाई, एक आमचा आजोबा तेवढा लपून बसेल आहे!" त्या दिवसांत ते इतके खुशीत होते की रविवारी स्वतः पाटोडीचा रस्सा करून आम्हाला वाढला. तिखट असा की ह्यांच्या डोळ्यांतून धारा.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ते आले ते ओट्यावरच बसून राहिले. टोपी मांडीवर. मालकांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. पाणी दिलं तर घेईनात.

"सापडलं का?" मी विचारलं.

"सापडलं."

मग हळूहळू, समोर ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी सांगितलं. अफूच्या खटल्याची बातमी, चांगली लांबलचक. गठ्ठे दोघा भावांचे. धंदा दोघांचा, आणि सुरू केलेला थोरल्याने, असं तपासात निघालेलं. पकडले गेले दोघंही. पण थोरला माफीचा साक्षीदार झाला. सरकारतर्फे उभा राहून त्याने शपथेवर सांगितलं की अफू सगळी धाकट्याची, मी नुसते त्याच्या सांगण्यावरून गठ्ठे वाहिले. थोरला सुटला. धाकटा आत गेला. आणि घरी येऊन थोरल्याने देवापुढे शपथ घातली, ह्या चोराच्या घरचं पाणी आम्हाला चालणार नाही.

"ताठ मानेनं उभा राहिला होता, बाई," मालक म्हणाले. "सख्ख्या भावाच्या विरुद्ध. आन मी नाक्यावर लोकांची गाठोडी उसकत बसलो सारी उमर. माझ्याच घरात अफू होती."

मी गप्प बसणारी नव्हे. "मालक, उठा," म्हटलं. "आत्ता जा समोर. आत्ता. त्यांना सांगा."

ते एकदम दचकले. "आता? आता कसा जाऊ? काय म्हनून जाऊ? काही रीत आहे का नाही? दसरा येते ना. सोनं घेऊन जाईन. पाया पडन, पानी मागन आन सांगन. तोवर मलेबी जरा उमजू द्या. ताजं आहे, मुरू द्या."

"अहो, पण त्यांचं वय काय! त्यांनी सगळं आयुष्य चोराची मुलगी म्हणून काढलं, त्यांना एक दिवस तरी का थांबवायचं?"

"इतकी वर्षं थांबलं, दीड-दोन महिन्यानं काय होते?" आणि मग हात जोडून म्हणाले, "तुमी सांगू नका, बाई. माझ्याच तोंडून जाऊ द्या तिच्या कानावर. एवढं मले करू द्या."

हे मी त्यांच्यापासून काढून घेऊ शकत नव्हते. राग मात्र असा आला की दोन दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी. आजही आठवलं की येतो.

फोटोची गोष्ट त्यांनी लगेच संपवली. सभागृहात जाऊन सांगून आले, "पुरावा सापडला. फोटो लावू नका." लोकांनी खोदून खोदून विचारलं, पण दसऱ्याआधी कोणाला काही सांगायचं नाही हे त्यांनी पक्कं केलं होतं. आधी आत्या, मग दुनिया. सकाळचं वाचन चालूच होतं. उलट ते आता जास्त मन लावून वाचत. एकदा वाचताना त्यांचा आवाज भरून आला आणि ते मधेच थांबले. समोर चरखाही थांबलेलाच होता. दोघं गल्लीच्या दोन बाजूंना तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता उठतील, आता जातील. नाही उठले.

पितृपक्ष लागला आणि दोन दिवसांत यमुनाआत्या गेल्या. ताप नाही, आजार नाही. सकाळी कांड्या भरता भरता भिंतीला टेकल्या, त्या टेकलेल्याच.

मालक धावत गल्ली ओलांडून गेले ते दारापर्यंत. नामदेव आडवा झाला. "नाही जी. मोठ्या घरचं कोनी नको. ती जिती असताना आलं नाही कोनी." मालक परत फिरले नाहीत. उन्हात, गल्लीच्या मधोमध उभे राहिले, तिरडी उचलेपर्यंत. मग सगळ्यांच्या मागून, बरंच अंतर ठेवून घाटावर गेले. आल्यावर सुतकाची आंघोळ केली. इतक्या वर्षांत त्या घरचं सुतक मोठ्या घराने पहिल्यांदाच पाळलं.

दसऱ्याला ते माझ्या दारात आले. कोट, टोपी, हातात आपट्याची पानं. "बाई, संग चला. बाईमानूस असलं म्हंजे नामदेव हाकलनार नाही." मी गेले. दुखवट्याचं घर, तोरण नाही, रांगोळी नाही. नामदेव खाटेवर बसला होता. तो उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. कोपऱ्यात आत्यांचा चरखा होता. मालकांनी वाकून पानं चरख्यापाशी ठेवली, जमिनीला डोकं टेकलं, आणि तिथेच खाली बसून म्हणाले, "वेणू, पानी दे वं मले."

वेणूने नवऱ्याकडे पाहिलं. मग माठातून पेला भरून आणला. मालकांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात प्यायले. मग सगळं सांगितलं. गठ्ठे, अफू, माफीचा साक्षीदार, शपथ. काही लपवलं नाही. "तुझा आजा एकटा चोर नव्हता, नामदेवा. माझाही होता. आन वरतून माझा दगाबाज होता. हे मले तिच्यापुढं सांगाचं होतं."

नामदेव म्हणाला, "हे आमाले माहीत आहे जी."

मालकांनी वर पाहिलं.

"आजानं मायले सांगतलं होतं सारं. माय म्हने, मोठ्या घरालेबी सारं माहीत आहे, पन कबूल नाही करत. म्हनून तर तुमी कोर्टाचं वाचत होते ना रोज." त्याचा आवाज चढला नव्हता, तो आपला सरळ सांगत होता. "माय म्हने, तो मले ऐकवते. चोराच्या पोरीले रोज सकाळी आठवन करून देते. तुमी 'आरोपी' म्हटलं का तिचा हात थांबून जाये."

"मले वाटे..." मालक म्हणाले. "मले वाटे, तिले आवडते."

"आमी म्हनो, माय, आत येऊन बस. तर म्हने, आत काहून बसू? माझ्या बापानं भर कोर्टात ऐकलं, मीबी ऐकन."

वेणूने मालकांच्या हातातून रिकामा पेला काढून घेतला, कारण तो त्यांच्याने सुटत नव्हता. मी त्यांना धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरचं कोर्ट बंद झालं. मालक तसेच आंघोळ करून, कोट-टोपी घालून बाहेर बसत, पण हात रिकामे. लोक विचारत, "मालक, कोर्ट काहून नाही जी?" ते नुसती मान हलवत. लकडगंजचा रद्दीवाला एकदा स्वतः गठ्ठा घेऊन आला, त्यालाही परत पाठवलं. पत्रं मात्र आता आल्या आल्या, पोस्टमन दारात असतानाच फोडायचे. जबलपूरच्या मुलाचं कार्ड आलं की त्याच दिवशी उत्तर. मला वाईट वाटायचं. एवढं शहाणपण ह्या माणसाला दोन महिने आधी का सुचू नये!

पुढे राज्यं बदलली, नागपूरची राजधानी गेली आणि ह्यांच्या ऑफिसबरोबर आम्हीही मुंबईला निघालो. सामान टांग्यावर चढवत होते, तेव्हाही मालक ओट्यावर होते. माझी ट्रंक पाहून त्यांचा हात उगीच पुढे आला, आणि मागे गेला. मी पाया पडले. समोरच्या दारात वेणू बसली होती, सासूच्या जागी, सासूच्याच चरख्यावर कांड्या भरत. दसऱ्यानंतर ती आमच्याकडे येऊ-जाऊ लागली होती, मालकांना कधी ताकही आणून द्यायची. तिच्या मनात काही नव्हतं. चाक कुरकुरत होतं, मालक खाली मान घालून ते ऐकत होते. कांडी भरली म्हणून वेणूने ती काढायला हात थांबवला, चरखा गप्प झाला, आणि मालक टोपी काढून घाईघाईने आत निघून गेले.